‘वय झालं’ हे निदान नव्हे

घरातील वृद्ध माणसाला तांदळातला खडा दिसेनासा झाला, उंबरठ्याला वारंवार ठेच लागू लागली, की आपण सहज म्हणतो, “आता वय झालं!” तेही मुकाट्याने मान डोलावतात. दृष्टी एका दिवसात जात नाही, हळूहळू मंदावते. एक डोळा अधू झाला तरी दुसरा त्याची उणीव भरून काढतो. मग ‘डोळ्यांचा काही त्रास?’ या प्रश्नाला मिळालेल्या ‘नाही’वर विसंबून कसे चालेल? विचारणे वेगळे आणि मोजणे वेगळे.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. तरीही २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी गाठलेल्यांपैकी जवळजवळ दोन टक्के लोक अंध आढळले, आणि त्यांतील सुमारे ६६ टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण होते मोतीबिंदू. म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होऊ शकणारा अंधार!

याला दुसरी बाजूही आहे. वृद्धांची प्राथमिक उपचारातच सरसकट दृष्टितपासणी करण्याचे लाभ-तोटे ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असे अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञमंडळाने २०२२ मध्ये म्हटले. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तपासणीचा कागद फायलीत पडून राहिला, तर कोणाचे भले होणार? परंतु जेथे मोतीबिंदू वेळेवर न काढल्याने माणसे अंध होतात, तेथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

वीस फुटांवर टांगलेला तक्ता, आळीपाळीने झाकलेला एकेक डोळा आणि काही मिनिटे, एवढेच या तपासणीला लागते. निरक्षरांसाठी इंग्रजी ‘ई’च्या आकृत्यांचा तक्ता असतो, तिची तोंडे कोणीकडे आहेत ते हाताने दाखवायचे. काचबिंदूची सुरुवात मात्र या तक्त्यावर कळत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञच हवा.

म्हणून रक्तदाब तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या साठीपुढील प्रत्येकाचे दोन्ही डोळे वर्षातून एकदा मोजावेत आणि ज्याला कमी दिसते त्याचे नाव, चश्मा वा शस्त्रक्रिया होईपर्यंत, नोंदवहीतून खोडू नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच गावातील आजी-आजोबांना हात धरून केंद्रापर्यंत नेणे आपल्याला अवघड आहे काय? ज्यांनी आपल्याला अक्षरे गिरवायला बसवले, त्यांना ती अक्षरे अजून दिसतात की नाही, एवढे तरी आपण पाहायला हवे.