रागाला दोन घटका थांबवता येते

इफ्तारला अर्धा तास उरला की नांदेडच्या देगलूर नाक्यावर आणि लातूरच्या गंजगोलाईत फळांच्या गाड्यांभोवती झुंबड उडते. त्याच वेळी घरोघरी कढई तापलेली असते, घशाला कोरड पडलेली असते आणि 'खजूर आणायला कसे विसरलात?' एवढ्यावरून आवाज चढतो. 'रोजा लागलाय' म्हणून घरचे ते चालवूनही घेतात. खरे तर कुणी भांडायला आलेच तर रोजेदाराने 'माझा रोजा आहे' एवढे सांगून बाजूला व्हावे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. ती बाजारात पाळणारे अनेकजण घराच्या उंबरठ्यावर मात्र विसरतात.

हदीसमध्ये रागावरचे उपाय अगदी साधे आहेत. उभे असाल तर बसा, तरीही राग शमला नाही तर आडवे व्हा, वजू करा. राग आणि जीभ यांच्यात थोडा वेळ जावा, हाच त्यामागचा हेतू. ईदचा खर्च, माहेरी जाणे, सासूचे बोलणे हे विषय इफ्तारच्या तोंडावर न काढता तरावीहनंतर काढले तरी निम्मी भांडणे टळतील.

राग बायकोलाही येतो, हे मात्र अनेकांच्या गावी नसते. सहरीला सर्वांच्या आधी उठणारी तीच असते. हजरत आयशा नाराज असल्या की शपथ घेताना पैगंबर मुहम्मद यांचे नाव टाळून हजरत इब्राहीम यांचे घेत. पैगंबरांनी हे ओळखले होते आणि त्यांना ते सांगितलेही, पण त्याबद्दल रागावले नाहीत. बायकोचा अबोला ओळखणे ही नवऱ्याची जबाबदारी आहे, असे आपल्याकडे किती घरांत मानतात?

भांडण दोघांच्या हाताबाहेर गेले तर एक लवाद नवऱ्याच्या घरचा आणि एक बायकोच्या घरचा नेमावा, असे कुरआनच्या सूरह निसामध्ये सांगितले आहे. याच पायरीचा प्रश्न लातूरच्या एका दांपत्याच्या पोटगीच्या खटल्यातून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. 2002 मध्ये पूर्णपीठाने निकाल दिला: 'तलाक दिला आहे' असे नवऱ्याने न्यायालयात नुसते सांगून भागणार नाही, कारण काय होते, दोन्हीकडचे लवाद बसले होते का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे त्याला सिद्ध करावे लागेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात हीच दिशा घेतली. एका दमातला तिहेरी तलाक 2017 मध्ये रद्द झाला आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. त्या कायद्यातील तुरुंगवासाबद्दल मतभेद आहेत आणि राहतील. पण रागाच्या भरात उच्चारलेल्या शब्दाने संसार मोडू नये, याबद्दल कुणाचे दुमत असू नये.

अडचण लवादांची आहे. आज दोन्हीकडची मंडळी बसतात ती आपापल्या बाजूचे वकील म्हणून. मामा जुने हिशेब काढतो, भाऊ मोबाइलमधले मेसेज वाचून दाखवतो. बैठक संपते तेव्हा भांडण दोघांचे न राहता दोन घरांचे झालेले असते. हे चित्र फक्त मुस्लिम घरांतले नाही. हुंड्याच्या नि मानपानाच्या बैठका पाहिलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल. म्हणूनच 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली आणि समुपदेशकांची तरतूद केली. घरातल्या माणसांनी तेच काम करायचे तर निकाहच्या वेळी, सगळे खुशीत असतानाच, दोन्हीकडचे एकेक समंजस माणूस ठरवून ठेवावे. ते वयाने मोठेच असले पाहिजे असे नाही. ऐकलेले चार भिंतींत ठेवणारे असले म्हणजे झाले.

मारहाण मात्र या हिशेबात बसत नाही. पैगंबरांनी कधीही पत्नीवर हात उचलला नाही, हे हजरत आयशा यांनीच सांगितले आहे. मार खाणाऱ्या बाईला सब्रचा उपदेश करणारे नातेवाईक लवाद होण्याच्या लायकीचे नाहीत. तिच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे आणि रमजानच्या महिन्यातही तिला तिथे फोन करता येतो.