केप्लर शिकवायचा तर भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा



दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा, आणि त्यात केप्लरचे तीन नियम. जूनमध्ये शिकवायचे, मुलांनी पाठ करायचे, पेपरात उतरवायचे, की संपलं. भिंगारमध्ये मी बरीच वर्षं हेच केलं. एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तिन्ही नियम अचूक लिहिणाऱ्या एका मुलीला सहज विचारलं, "उन्हाळा का येतो गं?" ती म्हणाली, "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून, मॅडम." त्याच आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ होती, आणि अख्खा वर्ग स्वेटर घालून बसला होता!

चूक तिची नव्हती. फळ्यावर अंड्यासारखी लांबट कक्षा मीच काढली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: हे नियम आधी पाठ करून घेऊ नयेत. मुलांना ते आधी सापडू द्यावेत, शब्द नंतर द्यावेत. आणि ते सापडायला दुर्बीण लागत नाही. घरातली दिनदर्शिका पुरते.

पहिला नियम घ्या. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य तिच्या एका नाभीवर असतो. दोन टाचण्या आणि दोऱ्याची गाठ घेऊन लंबवर्तुळ आपण सगळेच काढून दाखवतो. पण पृथ्वीची कक्षा २० सेंटिमीटर लांबीची काढायची ठरवली, तर त्या दोन टाचण्यांत अंतर किती ठेवावं लागेल? जेमतेम ३ मिलिमीटर! आकृती इतकी गोल येते की लांबी-रुंदीतला फरक पट्टीने मोजता येत नाही. सूर्य मात्र मध्यापासून जरासा सरकलेला असतो. त्यामुळे ३ जानेवारीच्या सुमारास आपण सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो आणि ४ जुलैच्या सुमारास १५ कोटी २१ लाखांवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. पुस्तकातली लांबट आकृती समजावण्यासाठी ताणलेली आहे, हे मुलांना सांगितलंच पाहिजे. नाहीतर नियम बरोबर आणि समज चुकीची, असं होतं.

आता दुसरा नियम. ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. म्हणजे ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने पळतो, लांब असताना रेंगाळतो. मुलांना दिनदर्शिका द्या आणि दिवस मोजायला सांगा. २१ मार्च ते २३ सप्टेंबर भरतात १८६. २३ सप्टेंबर ते २१ मार्च भरतात १७९. दोन्ही वेळा पृथ्वी सूर्याभोवती अर्धीच फेरी घालते, मग सात दिवसांचा फरक का? हिवाळ्यात ती सूर्याजवळ असते, म्हणून ते अर्ध लवकर उरकतं.

आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत हे चक्क छापलेलं आहे. २२ मार्च १९५७ पासून ती लागू आहे. तिच्यात वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे. ही वाटणी उगाच केलेली नाही.

आणि धोंड्याचा महिना! २०१५ साली आषाढ, २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण, २०२६ ला पुन्हा ज्येष्ठ. जावयाला अनारसे पौषात का मिळत नाहीत? चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. उन्हाळ्यात सूर्याला एक रास ओलांडायला ३१ दिवसांहून जास्त लागतात, त्यामुळे अख्खा चांद्र महिना त्यात मावू शकतो. पौषाच्या सुमारास सूर्य तीच रास सव्वाएकोणतीस-साडेएकोणतीस दिवसांत पार करतो, मग मावणार कसा? आजीला माहीत असलेली गोष्ट आणि केप्लरचा दुसरा नियम इथे एकमेकांना भेटतात.

तिसऱ्या नियमासाठी शनिशिंगणापूर आहेच, आपल्याच जिल्ह्यात. साडेसाती हा शब्द कोणत्या मुलाला ठाऊक नाही? तीन राशींना साडेसात वर्षं, म्हणजे एका राशीला अडीच. बारा राशींना किती? तीस वर्षं. हा झाला शनीचा आवर्तकाल. तिसरा नियम सांगतो, की काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचं एक वर्ष आणि पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर ही मापं धरली, तर ३० चा वर्ग ९००. कोणत्या संख्येचा घन ९००? मुलं करून बघतात आणि ९.६ च्या आसपास पोहोचतात. शनीचं सूर्यापासूनचं प्रत्यक्ष सरासरी अंतर पृथ्वीच्या सुमारे साडेनऊ पट आहे. पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आता गुरूचं करू?"

काही सहकारी म्हणतात, पंचांग वर्गात आणलं की अंधश्रद्धा येईल. मला उलट वाटतं. पंचांगातलं गणित वेगळं आणि भविष्य वेगळं, हे मुलांना कळायची जागा वर्गच आहे. शनी तीस वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, हे मोजता येतं. तो कुणाचं वाईट करतो, हे कुठल्याच गणितातून निघत नाही. ज्याने हे स्वतः मोजलं, त्याला साडेसातीची भीती घालणं अवघड जाईल.

दुसरी तक्रार वेळेची. पोर्शन संपत नाही, हे मलाही माहीत आहे. पण या सगळ्याला दोन तासिका लागतात. पाठांतराची उजळणी त्याहून जास्त वेळ खाते.

आणि केप्लर कसा काम करायचा, हेही मुलांना कळू द्या. टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी त्याचा मंगळाचा हिशोब फक्त ८ कलांनी चुकत होता, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाने. एवढ्यासाठी त्याने स्वतःची मेहनतीची मांडणी बाजूला ठेवली. त्यातूनच पुढे लंबवर्तुळ सापडलं आणि १६०९ साली पहिले दोन नियम छापले गेले. तिसरा १६१९ मध्ये आला. आकडा जुळला नाही तर आकड्याला दोष न देता स्वतःची समजूत तपासायची, हे गाईडमध्ये कसं मिळणार?

पालकांनो, आज रात्री जेवणं झाली की भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा आणि लेकरासोबत दिवस मोजा. १८६ आणि १७९ येतात का बघा.