मानेचा पट्टा : किती दिवस घालायचा?

सकाळी आठच्या सुमारास भाईंदर स्टेशनवर दहा मिनिटं उभं राहून बघा. मानेला बदामी रंगाचा फोमचा पट्टा लावलेले एक-दोन जण हमखास दिसतील. पट्टा कुणी दिला विचारलंत तर "डॉक्टरांनी" असं उत्तर लगेच येईल. कधी दिला हे मात्र आठवावं लागेल. गणपतीत... नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीत.

माझी तक्रार पट्ट्याबद्दल नाही, या दुसऱ्या उत्तराबद्दल आहे. अँटिबायोटिक आम्ही पाच दिवस लिहितो, पेनकिलर तीन दिवस, जेवणानंतर. पट्ट्याच्या वेळी मात्र चिठ्ठीवर नुसतं "सर्व्हायकल कॉलर" लिहितो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतो. मीही अनेक वर्षं हेच केलं. मग तो पट्टा चष्म्यासारखा कायमचा होऊन बसतो, आणि दोष पेशंटचा नसतो.

आधी पट्टा काय करतो ते बघू. मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं. मान सरळ असली की ते मणक्यांवर नीट तोललं जातं. मान पुढे झुकवून मोबाइल बघायला लागलात की तेच डोकं मागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं, आणि झुकणं वाढेल तसा ताण कितीतरी पटींनी वाढतो. भाईंदर ते चर्चगेट सुमारे ४३ किलोमीटर. त्यातला बराच वेळ एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल आणि हनुवटी छातीला टेकलेली. मान दुखली नाही तरच नवल.

मेडिकलमध्ये मिळणारा मऊ फोमचा पट्टा मान जखडून ठेवत नाही. तो लावूनही मान बऱ्यापैकी वळते. तो थोडा आधार देतो, ऊब देतो, आणि मुख्य म्हणजे "मान सांभाळ" अशी आठवण देत राहतो. खरोखर मान स्थिर ठेवायची असेल तर कडक, हनुवटी आणि छातीचा आधार घेणारे पट्टे वेगळे असतात. ते अपघातानंतर, फ्रॅक्चरमध्ये किंवा ऑपरेशननंतर वापरतात. तुमच्या घरी कुणाला असा पट्टा सर्जनने लावायला सांगितला असेल, तर माझा हा लेख वाचून तो एक तासही काढू नका. मी बोलतोय ते मऊ पट्ट्याबद्दल.

आता तो किती दिवस? २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेतली नस दबून हातात कळ येऊ लागलेले २०५ रुग्ण त्यात होते, आणि सगळ्यांचं दुखणं नवीन, महिन्याभरातलं. एका गटाला थोडा कडक पट्टा आणि विश्रांती, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला सांगितलं की जमतील तशी रोजची कामं चालू ठेवा. सहा आठवड्यांनी पहिल्या दोन गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा जास्त कमी झालं होतं. सहा महिन्यांनी तिन्ही गट सारखेच. म्हणजे पट्ट्याचा उपयोग नक्की होतो, पण सुरुवातीच्या वाईट दिवसांत. त्या अभ्यासातही पट्टा तीन आठवडे लावायचा आणि पुढच्या तीन आठवड्यांत हळूहळू सोडायचा, असं आधीच ठरलेलं होतं.

माझ्याकडे आता असं असतं. नुसती मान आखडली असेल तर बहुतेकांना पट्टा देतच नाही. शेक, दोन-तीन दिवस औषध, आणि मान हलती ठेवा. दुखणं फारच असेल तर दोन-तीन दिवस, तेही दिवसातले काही तास. हातात कळ उतरत असेल तर जास्तीत जास्त तीन आठवडे, मग रोज थोडा वेळ कमी. चिठ्ठीवर पट्टा बंद करण्याची तारीख लिहितो. जास्त दिवस पट्टा राहिला की मानेचे स्नायू काम करायचं विसरतात, अशक्त होतात, मान आखडते. मग पट्टा काढला की दुखतं, आणि पेशंटला वाटतं, बघा, पट्ट्याशिवाय चालतच नाही!

मापाचंही तसंच. दुकानात हाती लागेल तो पट्टा घेतला जातो. तो उंच असला तर डोकं मागे ढकललं जातं. नस दबलेली असेल तर मान मागे गेल्यावर कळ वाढते. पट्टा लावल्यावर नजर समोर असली पाहिजे, छताकडे नाही. आणि पट्टा लावून स्कूटर किंवा कार चालवू नका. काशिमीऱ्याच्या सिग्नलला मान न वळवता गाडी चालवणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वयस्कर माणसांना पट्ट्यामुळे पायाखालचं दिसत नाही. जिना उतरताना काढलेला बरा.

पट्ट्याचा एक फायदा मात्र मी नाकारत नाही. एका पेशंटने मला प्रामाणिकपणे सांगितलं, "डॉक्टर, मान कधीच बरी झाली, पण पट्टा दिसला की बोरिवलीपर्यंत तरी बसायला मिळतं." विरार गाडीत रोज चढणाऱ्या माणसाला यावर काय बोलणार?

लोक पट्टा सोडत नाहीत त्याचं दुसरं कारण एक्स-रेचा रिपोर्ट. त्यात "स्पॉन्डिलोसिस", "डिजनरेटिव्ह चेंजेस" असे शब्द असतात आणि घाबरायला तेवढे पुरतात. २०१५ साली जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय केलेले प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत चकती थोडीफार बाहेर आलेली होती. त्रास काहीच नाही! केस पिकतात तशा चकत्या झिजतात. रिपोर्टला पट्टा लावायचा नसतो.

चक्करसाठीही सर्रास पट्टा लावला जातो. "स्पॉन्डिलायटिसची चक्कर" हे आपल्याकडचं लाडकं निदान आहे. कूस बदलताना, वर बघताना काही सेकंद खोली गरगरत असेल, तर दोष बहुतेकदा आतल्या कानात असतो. तिथले बारीक खडे जागा सोडतात. डॉक्टर टेबलावर झोपवून, डोकं ठराविक क्रमाने वळवून ते परत जागेवर आणतात. पाच-दहा मिनिटांचं काम, पुष्कळदा एकाच वेळी आराम. पट्टा लावून वर्ष काढलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत.

इथपर्यंतचं सगळं त्रासाचं आणि खर्चाचं झालं. ज्यामुळे मी तारीख लिहायला लागलो ती गोष्ट वेगळी आहे.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करणारे एक गृहस्थ, वय अठ्ठावन्न. माझ्याकडे ब्लडप्रेशरसाठी यायचे. सात महिने मानेला पट्टा होता. तो मीच लिहून दिला होता. दर वेळी विचारायचो, "मान कशी आहे?" "बरी आहे डॉक्टर, पट्ट्याने आराम आहे." पुढचा पेशंट. एकदा तपासून झाल्यावर शर्टाची बटणं लावायला त्यांना इतका वेळ लागला की मी लिहायचं थांबून बघत राहिलो. शेवटी बायकोने लावून दिली. ती म्हणाली, हल्ली चप्पल पायातून निघते तेही कळत नाही, आणि हातातून ग्लास सुटतो. मी त्यांच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली. अंगठा आपोआप आत वळला. मानेत मज्जारज्जूच दबत होता. मान फारशी दुखत नव्हती, म्हणून आम्ही दोघंही निवांत होतो.

ऑपरेशन झालं. आता ते काठीशिवाय चालतात, पण बटणं अजून बायकोच लावते. दोन-तीन महिने आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पट्ट्याने मज्जारज्जू दबला नाही. पण पट्टा आहे म्हणजे इलाज चालू आहे, असं त्यांना वाटलं, आणि मलाही.

म्हणून घरात कुणाच्या मानेला पट्टा असेल तर आज एवढं विचारा. बटणं, अक्षर, सुईत दोरा, रुपयाचं नाणं उचलणं पूर्वीसारखं जमतं का? चालताना तोल जातो का? लघवी अडते किंवा कळत नाही असं होतं का? यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. ताप आणि मान दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाची मान दुखणं, रात्री झोपू न देणारं दुखणं, यांनाही पट्टा हे उत्तर नाही. आणि मानेसोबत छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, चालल्यावर जबडा किंवा डावा हात दुखत असेल, तर मान विसरा आणि आधी ईसीजी काढा.

जानेवारीत एक वेगळीच फॅशन येते. मांजापासून गळा वाचावा म्हणून स्कूटरवाले हाच फोमचा पट्टा लावतात. भीती खोटी नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी डिसेंबर २०२३ मध्ये वाकोला पुलावर ड्युटीवरून घरी निघालेल्या एका पोलीस कर्मचाऱ्याचा गळा मांजाने चिरला आणि ते गेले. पण मान न वळणारा चालक हा दुसरा धोका आहे. गळ्याभोवती जाड मफलरचे दोन-तीन वेढे, वर बंद कॉलरचं जॅकेट, पुलावर वेग कमी. गळा कापलाच तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाबून धरा, गळ्याभोवती काही आवळू नका, आणि १०८ ला फोन करा.