देवगिरीचा दरवाजा

वेरूळची जुनी सडक देवगिरीच्या तटांतील एका दरवाज्यांतून गेलेली आहे. एकदां विद्यार्थ्यांसह तिकडे गेलों असतां त्या अरुंद कमानींत वाहनें अडलीं, तेव्हां बरोबरचे एक विद्वान स्नेही उद्गारले, 'ही कमान रुंद केली तर काय बिघडेल? पराभवाचीच तर जागा!' १२९६ सालीं रामदेवराव अल्लाउद्दिनापुढें नमला, एवढें त्यांना पाठ होतें.

हा युक्तिवाद आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जयाचींच स्मारकें जपावयाचीं म्हटलें तर इतिहासाचा सत्कारसमारंभच व्हावयाचा! ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या राजाचें नांव आहे तो हाच रामदेवराव. हेमाद्रि त्याचाच मंत्री. आणि जागा क्षुल्लक असती तर १३२७ सालीं महंमद तुघलकानें येथें राजधानी कशास आणली असती? त्याला आपण खुशाल वेडा म्हणतों. पण उत्तरेची नि दक्षिणेची वाट एका मुठींत धरणारें स्थळ त्यानें अचूक हेरलें होतें.

युनेस्कोनें २०२५ त गौरविलेल्या १२ किल्ल्यांत देवगिरी नाहीं. तो विषयच मराठ्यांच्या युद्धनीतीचा. त्याबद्दल तक्रार नाहीं. तक्रार आहे ती प्रवाशांविषयीं. ते तासलेला कडा पाहतात, अंधारींत मुलांना भिववितात नि परततात. पायथ्याशीं तटांच्या आंत एक शहर नांदत होतें याचा त्यांना गंधही नसतो.

अरुंदपणा हाच त्या दरवाज्याचा धर्म. शत्रू थबकावा, येणारा-जाणारा नजरेखालून जावा, म्हणून तो तसा बांधला. रुंद केला कीं उरेल ती भिंतींतली फट. वाहनांना तटाबाहेरून वाट द्यावी; विद्वानांनीं कमानीखालून पायीं चालावें.