परवाना गेला, पुढे काय?

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले, सुना, जावई आज लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅम येथे स्थायिक झाले आहेत. तिकडच्या घरभाड्याची, शाळेची, शाकाहारी जेवणाची चौकशी आपण बारकाईने करतो. मोटारीच्या परवान्याची मात्र करीत नाही. भारतात दहा-पंधरा वर्षे गाडी चालविलेला मनुष्य तेथे नवशिका कसा ठरेल, असे आपण गृहीत धरतो. कायदा तसे मानीत नाही.

ग्रेट ब्रिटनमध्ये वास्तव्यास गेल्यावर भारतीय परवाना केवळ १२ महिने चालतो. पुढे तेथील शिकाऊ परवाना काढून लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या दिवसापासून २ वर्षे ती व्यक्ती ‘नवचालक’ असते, मग वय २० असो वा ४५. १ जून १९९७ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार या २ वर्षांतील गुन्ह्यांमुळे दंडगुण ६ झाले, की परवाना रद्द होतो. मागील अनुभव, नोकरीची निकड, घरातील लहान मूल यांपैकी काहीही विचारात घेतले जात नाही. आमच्या बँकेत प्रोबेशनवरील अधिकाऱ्याकडून निदान खुलासा तरी मागविला जाई!

सहा गुण व्हायला फारसे काही लागत नाही. वेगमर्यादा ओलांडल्याचे साधारणतः ३ गुण. असे दोनदा झाले की पुरे. हातात मोबाइल धरून वापरल्यास २०१७ पासून एकदम ६ गुण आणि २०० पौंड दंड. सिग्नलला गाडी थांबलेली असली तरी सूट नाही. शिवाय मोजली जाते ती गुन्ह्याची तारीख, निकालाची नव्हे. तेविसाव्या महिन्यातील गुन्ह्याचा निर्णय सव्विसाव्या महिन्यात लागला तरी परवाना जातोच.

माझ्या परिचयातील कोल्हापूरकडील एका कुटुंबात हा प्रसंग आला. मुलाच्या नोंदीवर ३ गुण होते आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगाची दुसरी नोटीस घरी आली. गाडी कोण चालवीत होते, हे वाहनाच्या नोंदणीकृत धारकाने २८ दिवसांत कळवायचे असते. इकडून आईने फोनवर सुचविले, “सूनबाईचे नाव दे. तिच्या नावावर एकही गुण नाही, तिचे काय बिघडते?” आईच्या मनात कपट नव्हते, मुलाची नोकरी वाचावी एवढीच तिची तळमळ होती. मुलाने मात्र स्वतःचेच नाव कळविले.

त्याने केले ते योग्य होते आणि शहाणपणाचेही. ब्रिटनचे माजी मंत्री ख्रिस ह्यून यांचे उदाहरण तेथे सर्वांना ठाऊक आहे. २००३ मधील वेगाच्या गुन्ह्याचे गुण त्यांच्या तत्कालीन पत्नीने स्वतःच्या नावावर घेतले होते. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांनाही न्यायप्रक्रियेत खोटेपणा केल्याबद्दल प्रत्येकी ८ महिन्यांची कैद झाली. ह्यून यांचे मंत्रिपद त्याआधीच गेले होते.

आता परत मिळविण्याचा मार्ग. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. निलंबन झाले तर मुदत संपण्याची वाट पाहावी लागते. नवचालकाचा परवाना रद्द होतो, तेव्हा पूर्वीची उत्तीर्णता पुसली जाते. मात्र सक्तीची प्रतीक्षा नसते. शिकाऊ परवान्यासाठी लगेच अर्ज करता येतो. तो हाती आल्यावर पुन्हा ‘एल’ अक्षराची पाटी लावायची आणि शेजारी किमान २१ वर्षांची, ३ वर्षे पूर्ण परवाना असलेली व्यक्ती बसवायची. पत्नीच्या शेजारी बसून तिच्या देखरेखीखाली गाडी चालविणे काही पुरुषांना फार जड जाते, असे ऐकतो! तरीही एकट्याने गाडी काढण्याचा मोह टाळावाच. विमा कुचकामी ठरू शकतो आणि विम्याविना गाडी चालविण्याचे आणखी ६ ते ८ गुण पडतात.

लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात. त्याला जोडून रस्त्यावरील धोका वेळीच ओळखण्याची चित्रफितींची परीक्षा असते. तीत ७५ पैकी ४४ गुण हवेत, आणि उगाच वारंवार बटण दाबणाऱ्यास त्या फितीत शून्य मिळते. प्रत्यक्ष परीक्षेत १५ किरकोळ चुका खपतात, गंभीर एकही नाही. अनुभवी भारतीय चालकाची अडचण येथेच होते. आपल्याप्रमाणेच तेथेही रस्त्याची डावी बाजू असल्याने हात सरावलेला असतो. परंतु आरशात पाहण्याची सवय नसते, आणि चौकातील वर्तुळावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हे अंगवळणी पडलेले नसते. म्हणून प्रशिक्षकाकडे चार-सहा तास जरूर द्यावेत. परीक्षेची तारीख मिळण्यास अनेक केंद्रांवर महिनोन् महिने लागतात, तेव्हा लेखी परीक्षा होताच नोंदणी करावी.

नवा परवाना मिळाल्यावर २ वर्षांचा तो काळ पुन्हा सुरू होत नाही, हा दिलासा. जुने ६ गुण मात्र खात्यावर तसेच राहतात. ३ वर्षांच्या आत केलेल्या गुन्ह्यांचे एकूण १२ गुण झाले, तर प्रकरण न्यायालयात जाऊन सहसा किमान ६ महिन्यांची बंदी येते. विमा कंपनीनेही मागील ५ वर्षांची माहिती विचारली, तर ती खरीच द्यावी लागते. कोल्हापूरकडील त्या मुलाला हप्ता बराच वाढवून मिळाला. सध्या तो कार्यालयात बसने जातो. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख पुढील महिन्यातली आहे.