उसनी चाल आणि आपलें गीत

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे वर्गावर्गांतून नवीं गीतें रचलीं जातात, आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही डोकें वर काढतो. एकादी मुलगी नाताळचें गीत रचते, परंतु त्यास चाल जुन्या अभंगाची लावते, एकादा मुलगा निरोपाच्या पद्यास पूर्वीच्या एका प्रसिद्ध गीताचेंच नांव देतो, कीं लागलीच कोणी तरी म्हणतो, "ही तर चोरी झाली!" मग ज्यानें उसनें घेतलें तो खालीं मान घालतो. पुढच्या वर्षीं तो एक तर लिहीतच नाहीं, किंवा लिहिलेंच तर मूळ कोठून आणलें तें काळजीपूर्वक झांकून ठेवतो. हे दोन्ही परिणाम वाईट आहेत. पहिल्यानें आपण एक कवि गमावतों, आणि दुसऱ्यानें एका मुलाच्या प्रामाणिकपणास धक्का लावतों. म्हणून या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं शांत चित्तानें करावा, अशी माझी विनंति आहे.

माझें मत प्रथमच स्पष्ट सांगतों. पूर्वीच्या गायकांपासून व कवींपासून चाल, नांव किंवा प्रतिमा घेण्यांत दोष नाहीं. दोष दोनच ठिकाणीं आहे: घेतलेलें लपविण्यांत, आणि घेतलेल्यांत आपलें असें कांहींच न घालण्यांत.

याला पहिला आधार पवित्र शास्त्रांतच सांपडतो. स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत, व त्यांपैकीं पुष्कळांच्या शिरोभागीं मुख्य गवयासाठीं सूचना आहे. २२ व्या स्तोत्रावर 'पहाटेची हरिणी' असें नांव आहे. ५६ व्या स्तोत्रावर दूर देशच्या एका कबुतराचें नांव आहे. ५७, ५८, ५९ व ७५ या चारही स्तोत्रांवर 'नाश करूं नको' हा एकच मथळा आहे. या नांवांचा त्या त्या स्तोत्राच्या विषयाशीं सरळ संबंध दिसत नाहीं. म्हणून तीं त्या काळीं लोकांच्या तोंडीं असलेल्या गाण्यांचीं किंवा चालींचीं नांवें असावीं, असें बहुतेक पंडितांचें मत आहे. तीं मूळ गाणीं आज नष्ट झालीं आहेत. त्यांतील एक चरणही उरलेला नाहीं. परंतु ज्या कोणीं स्तोत्राच्या माथ्यावर तें नांव लिहून ठेवलें, त्याच्या प्रामाणिकपणामुळें 'पहाटेची हरिणी' नांवाचें कांहीं तरी एके काळीं गाइलें जात होतें, एवढें तरी आज जगास ठाऊक आहे.

प्रतिमांविषयींही तेंच दिसतें. लूकच्या पहिल्या अध्यायांत मरीयेचें स्तुतिगीत आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत हन्नेचें गीत आहे. हीं दोन्ही गीतें शेजारीं शेजारीं ठेवून वाचा. बलवानांचा पाडाव, दीनांची उन्नति, भुकेल्यांची तृप्ति, या सर्व कल्पना मरीयेच्या पूर्वींच हन्नेनें गाइलेल्या आहेत. तरी मरीयेचें गीत ही हन्नेच्या गीताची नक्कल नव्हे. हन्नेच्या गीतांत वैऱ्यांवर मिळविलेल्या जयाचा हर्ष आहे, व वांझेस मुलें झाल्याचा उल्लेख आहे; मरीया तें सोडून देते आणि अब्राहामाला दिलेल्या वचनाचें स्मरण करून थांबते. तिनें काय घेतलें याबरोबरच काय घेतलें नाहीं हेंही पाहिलें पाहिजे. निवड करणें हेंही रचण्याचेंच काम आहे.

आपल्या उपासनेंत आपण ज्या पाश्चात्य चाली गातों, त्यांचाही इतिहास असाच आहे. उत्तम शुक्रवारीं अनेक मंडळ्यांतून जखमी मस्तकाच्या गीताची जी गंभीर चाल ऐकूं येते, ती मुळांत धार्मिक नव्हती. हान्स लेओ हास्लर या जर्मन संगीतकारानें ती १६०१ सालीं एका प्रेमगीतासाठीं बांधली. पुढें ती उपासनेच्या गीतास लागली, आणि योहान सेबास्टियन बाखनें मत्तयाच्या शुभवर्तमानावरील आपल्या १७२७ च्या दुःखसहनाच्या संगीतांत ती पांच वेळां योजिली, व प्रसंगानुसार तिची स्वररचना पालटली. प्रेमभंगाचा सूर ख्रिस्ताच्या दुःखाचें वाहन झाला, याबद्दल आज कोणीही बाखला चोर म्हणत नाहीं.

याच्या उलट हॅंडेलचें उदाहरण घ्या. हा बाखचा समकालीन, आणि त्याच्याच तोडीचा संगीतकार. १७३९ सालीं त्यानें मिसर देशांतील इस्राएलावर जें मोठें संगीत सादर केलें, त्यांत स्ट्राडेला, एर्बा, केर्ल इत्यादि पूर्वीच्या संगीतकारांचे तुकडेच्या तुकडे घेतलेले आहेत. त्यांचीं नांवें मात्र त्यानें दिलीं नाहींत. त्या काळीं अशी उसनवारी आजच्याइतकी निंद्य मानीत नसत, आणि हॅंडेलनें पुष्कळ ठिकाणीं घेतलेल्या मालाचें सोनें केलें, हें दोन्ही खरें. तरी त्या लहान संगीतकारांचें देणें पुढें विद्वानांना जुनीं हस्तलिखितें ताडून शोधून काढावें लागलें. एक ओळ लिहिली असती तर थोराचें थोरपण कमी झालें नसतें, आणि लहानांना आपला वांटा मिळाला असता.

आतां आपल्या मराठी भूमीकडे वळूं. येथें तर ऋण मान्य करण्याची परंपराच आहे. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं गीतेवर टीका सांगितली, तेव्हां आपण व्यासांच्या पाऊलखुणांवरून व भाष्यकारांना वाट विचारीत चाललों आहों, असें त्यांनीं स्वतःच म्हटलें आहे. तुकारामांचा अभंग हा त्यांनीं शोधून काढलेला प्रकार नव्हे. शेवटच्या चरणांत आपलें नांव गोंवण्याची रीतही नामदेवादि संतांची. तुकारामांनीं हें लपविलें नाहीं. उलट नामदेव पांडुरंगासह स्वप्नांत आले व त्यांनींच आपणांस कवित्वाची आज्ञा केली, असें त्यांनीं अभंगांतूनच सांगून ठेवलें. एवढें ऋण सांगूनही तुकारामांची वाणी तुकारामांचीच राहिली.

याच वाटेनें ख्रिस्ती कवीही चालले. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, व त्यांनीं मराठी ओव्यांत रचलेला ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें छापला गेला. त्याला आज आपण 'क्रिस्तपुराण' म्हणतों. 'पुराण' हा शब्द, ओवी हा छंद, आणि निरूपणाची पद्धति, हें सर्व या देशाचेंच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आपल्या महाकाव्यास 'ख्रिस्तायन' हें नांव दिलें, तें ऐकतांच रामायणाची आठवण व्हावी हाच हेतु. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत असत. १९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां तें काव्य अपुरें होतें; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तें पुढें नेऊन पुरें केलें.

कोणी पालक येथें असा आक्षेप घेतात कीं, अन्य धर्माच्या संतांच्या प्रतिमा आपल्या गीतांत कशाला? दुसऱ्या बाजूनें कोणी असेंही म्हणतात कीं, आमच्या संतांचें तुम्हीं कां घ्यावें? दोघांच्याही भावनेचा मी आदर करतों. परंतु टिळकांनीं प्रभूला 'माउली' म्हणून हांक मारली, तेव्हां वारकऱ्यांच्या ओठांवरचा तो शब्द त्यांनीं विचार करून उचलला. जशी आई समाधान करते तसें मी तुमचें समाधान करीन, या अर्थाचें देवाचें वचन यशयाच्या ६६ व्या अध्यायांत आहेच. आणि कोंबडी आपलीं पिलें पंखांखालीं घेते ती उपमा प्रभूनें स्वतःस लाविली आहे. म्हणजे ती प्रतिमा नव्या घरांत परकी राहिली नाहीं. घेतलेली वस्तु नव्या ठिकाणीं शोभते कीं नाहीं, हें पाहणें कवीचें काम. आणि ती कोणाच्या अंगणांतून आणली हें आदरानें सांगितलें, तर दुसऱ्या पक्षाचीही तक्रार बरीच निवळते, असा माझा विश्वास आहे.

तर मग सांगावें कसें? त्यासाठीं नवी युक्ति शोधण्याचें कारण नाहीं. मराठी संगीत नाटकांचीं जुनीं पुस्तकें उघडून पाहा. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचें 'शाकुंतल' १८८० सालीं व 'सौभद्र' १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. त्या काळच्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' हा शब्द छापून त्यापुढें मूळ गाण्याचा आरंभ दिलेला आढळतो. आपल्या उपासनेच्या गीतसंग्रहांतही गीतावर राग, वृत्त अथवा चाल लिहिण्याची रीत आहे. ही केवळ गाणाऱ्याची सोय नव्हे. ती ऋणाची पावती आहे. स्तोत्रसंहितेवरील मथळे आणि मराठी पदांवरील 'चाल' ही एकाच प्रामाणिकपणाचीं दोन रूपें आहेत.

आज मात्र ती ओळ लोपत चालली आहे. मोबाइलवर गाणें ऐकणाऱ्यास तें कोणीं लिहिलें, कोणीं बांधलें व कोणापासून घेतलें, हें बहुधा कळतही नाहीं. कायदा आपल्या परीनें रक्षण करतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार कवीचा वा संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षें चालतो, व आपली कृति आपली म्हणवून घेण्याचा अधिकार त्यास आहे. ती मुदत संपली म्हणजे कृति सर्वांची होते. परंतु कृतज्ञतेस अशी मुदत नाहीं. तुकारामांचें नांव घेण्यास कोणताही कायदा आपणांस भाग पाडीत नाहीं; म्हणूनच तें घेण्यांत आपली परीक्षा आहे.

यासाठीं माझी सूचना अशी आहे. पुढील वर्षापासून आपल्या संमेलनांत व या वार्षिकांत येणाऱ्या प्रत्येक स्वरचित गीतावर एक ओळ असावी: चाल कोणत्या गीताची, आणि नांव किंवा कल्पना कोठून घेतली असल्यास ती कोणाची. ही ओळ लिहिणाऱ्याचे गुण कापूं नयेत. ती न लिहिणाऱ्याचे मात्र अवश्य कापावे. आणि परीक्षकांनीं पुढें एवढेंच पाहावें कीं, उसनें घेतलेलें बाजूस ठेवल्यावर त्या मुलाचें स्वतःचें असें कांहीं हातीं उरतें काय. एक नवा शब्द, एक खरी पाहिलेली गोष्ट, एक मनांतून आलेली विनवणी उरली, तरी त्या वयास तेवढी पुरे. कांहींच उरत नसेल, तर तें गीत परत देऊन पुन्हा लिहावयास सांगावें. त्यास चोरी हें नांव देऊं नये. अपुरें काम म्हणावें.

विद्यार्थ्यांनो, जुन्या गाण्याचें नांव घेण्यापूर्वीं तें गाणें मात्र नीट शिका. ज्याचें नांव आपण घेतों त्याच्याशीं आपल्या गीताची तुलना होणारच; त्या तुलनेस उभें राहण्याची तयारी असावी. आणि पालकहो, आपल्या मुलानें घरीं नवें गीत म्हणून दाखविलें, तर "हें कोठून चोरलेंस?" असें विचारूं नका. "याची मूळ चाल कोणती? तीही म्हणून दाखव," असें म्हणा. मूल दोन्ही गाणीं म्हणेल. तुम्हांला जुनें आठवेल, त्याला नव्याचें धैर्य येईल, आणि माथ्यावर ती एक ओळ लिहावयास तें लाजणार नाहीं.