खुनी पकडणारा पोलीसच तुरुंगात! 'रीबस'च्या गोष्टीची मुळं 1997 च्या एका कादंबरीत आहेत

एडिनबर्गचा एक डिटेक्टिव्ह. आयुष्यभर गुन्हेगारांना आत टाकलं आणि 2024 मध्ये स्वतःच आत गेला. नाव जॉन रीबस. तो खरा नाही, इयन रँकिन या स्कॉटिश लेखकाचं हे पात्र आहे. 1987 साली 'नॉट्स अँड क्रॉसेस'मधून तो पहिल्यांदा भेटला आणि 25 व्या कादंबरीत, म्हणजे 'मिडनाइट अँड ब्लू'मध्ये, तो एडिनबर्गच्या तुरुंगात कैदी आहे.

आता हे एकाएकी घडलं का? अजिबात नाही. त्यासाठी 27 वर्षं मागे जावं लागेल.

'ब्लॅक अँड ब्लू'मध्ये असं काय होतं?

1997 ची ही मालिकेतली आठवी कादंबरी. ब्रिटनमध्ये गुन्हेकथांसाठी मानाचा समजला जाणारा 'गोल्ड डॅगर' पुरस्कार तिला मिळाला आणि रँकिन खऱ्या अर्थाने मोठे झाले.

कथेचा धागा एका खऱ्या प्रकरणातून येतो. 1968-69 मध्ये ग्लासगोत तीन महिलांचे खून झाले. 'बॅरोलँड' या डान्स हॉलशी या प्रकरणाचा संबंध होता. संशयित बायबलमधल्या गोष्टी बोलत होता, असं एका साक्षीदाराने सांगितलं, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला 'बायबल जॉन' हे नाव दिलं. तो कोण होता हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

रँकिन यांनी त्याची नक्कल करणारा नवा खुनी उभा केला. एवढ्यावर न थांबता मूळ बायबल जॉनलाही पात्र म्हणून आणलं! वाचताना हे थरारक वाटतं, पण थोडं अस्वस्थही करतं. कारण मारल्या गेलेल्या बायका खऱ्या होत्या आणि त्यांच्या घरच्यांना उत्तर मिळालेलं नव्हतं. खुन्याला 'ब्रँड' बनवण्याचा धोका इथे आहेच.

पण कादंबरीचा खरा जीव दुसरीकडे आहे. रीबसचीच चौकशी सुरू असते. एका जुन्या प्रकरणात शिक्षा झालेला माणूस शेवटपर्यंत 'मी निर्दोष आहे' म्हणत राहिला आणि त्याने जीव दिला. त्या तपासात रीबसच्या वरिष्ठाचं वागणं संशयास्पद होतं आणि रीबसने त्याला पाठीशी घातलं होतं. आता टीव्हीवाले ते प्रकरण उकरून काढतात. म्हणजे एकीकडे खुन्याचा माग काढायचा आणि दुसरीकडे स्वतःच्या चुकीपासून पळायचं.

मग हा हिरो आहे की नाही?

दारू, मोडलेला संसार, वरिष्ठांशी भांडण हे सगळं इतर कथांमधल्या पोलिसांकडेही असतं. रीबस वेगळा ठरतो तो वयामुळे. तो वाचकांसोबत म्हातारा होतो. 2007 च्या 'एक्झिट म्युझिक'मध्ये साठीला आल्यावर तो चक्क निवृत्त झाला. 2012 मध्ये परतला तो जुनी, न सुटलेली प्रकरणं बघणाऱ्या विभागात. दरम्यान जग बदललं होतं. 2013 मध्ये स्कॉटलंडची आठ पोलीस दलं एकत्र होऊन 'पोलीस स्कॉटलंड' झालं. रीबसची 'आमच्या वेळी असंच चालायचं' ही सबब कुणी ऐकून घेईना.

2022 च्या 'अ हार्ट फुल ऑफ हेडस्टोन्स'मध्ये तो थेट आरोपीच्या पिंजऱ्यात दिसला. पुढच्या पुस्तकात तुरुंग, आणि तिथे बंद कोठडीत एका कैद्याचा खून. तपास कोण करणार, हे सांगायला नकोच.

वाचायला सुरुवात कुठून करायची? पहिल्या भागापासूनच हवी असा हट्ट नको, तो जरा कच्चा आहे. थेट 'ब्लॅक अँड ब्लू' उचला.